वाचकाचा जबाब

दलित साहित्यावरची चर्चा आपल्याकडे लेखकापासून सुरू होते आणि लेखकापाशीच संपते. त्याची वेदना किती खरी, विद्रोह किती अस्सल, भाषा किती रांगडी, ह्याचे मोजमाप गेली पन्नास-साठ वर्षे चालले आहे. ज्याने ते वाचले त्याची तपासणी कोणी करीत नाही. वाचक जणू न्यायासनावर बसलेला. तो ऐकतो, मान हलवतो, कौतुकाचे किंवा नाराजीचे दोन शब्द बोलतो आणि उठून जातो. हे न्यायासन त्याला दिले कोणी? ज्या गावगाड्याची कैफियत दलित लेखक मांडतो त्याच गावगाड्यात वाचकाचेही घर आहे. तो त्या खटल्यातला साक्षीदार आहे. कधी कधी आरोपीही. म्हणून त्याच्याकडून अभिप्राय नको, जबाब हवा, असे माझे म्हणणे आहे. हे मला समीक्षेच्या पुस्तकांनी शिकवले नाही. सोनईच्या एका वर्गाने शिकवले.

मी इथे मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सोनई हे नेवासे तालुक्यातले गाव. भोवती ऊस, गावाला साखर कारखाना, शेजारी शनिशिंगणापूर. ह्याच तालुक्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या ग्रंथात श्रोत्यांचा मान मोठा. वक्ता पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे अवधान मागतो. मराठी वाङ्मयात श्रोत्याला इतक्या लवकर जागा मिळाली, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. त्या श्रोतृवृंदात आमचे पूर्वज बसू शकले असते काय, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात नसतो. संस्कृत काव्यशास्त्राने चांगल्या वाचकाला 'सहृदय' म्हटले. ज्याचे हृदय कवीच्या हृदयाशी जुळते तो सहृदय. पण जिथे पाणवठे जुळत नव्हते तिथे हृदये कशी जुळावीत?

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. पवार आमच्याच जिल्ह्यातले, पश्चिमेकडच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. काही वर्षांपूर्वी मी त्यातला काही भाग वर्गात वाचून दाखवला आणि प्रत्येकाला एक पान लिहून आणायला सांगितले. आलेल्या पानांपैकी बहुतेकांवर एकच मजकूर निरनिराळ्या शब्दांत होता. मन सुन्न झाले. डोळ्यांत पाणी आले. पूर्वीच्या काळी किती अन्याय होत असे.

मुले खोटे लिहीत नव्हती. त्यांना खरेच वाईट वाटले होते. पण मी व्याकरण शिकवणारा माणूस. माझे लक्ष 'होत असे' ह्या क्रियापदावर अडले. हा रीतिभूतकाळ. जे होत असे, ते आता होत नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय त्या वाक्याला कर्ताच नव्हता. अन्याय होत असे. कोण करीत असे? पाऊस पडत असे तसा अन्याय होत असे. हळहळीचे हेच व्याकरण आहे. ती दुःख मान्य करते, पण ते काळाच्या पलीकडच्या तीरावर नेऊन ठेवते आणि कर्ता पुसून टाकते. हळहळणाऱ्याचे त्यात काही खर्ची पडत नाही.

तास संपल्यावर आमच्याच समाजातला एक मुलगा माझ्या मागे आला. म्हणाला, "सर, हे वर्गात मोठ्यानं वाचू नका. सगळे माझ्याकडं बघतात." मी निरुत्तर झालो. हळहळीला एक लक्ष्य लागते आणि वर्गात ते लक्ष्य हा मुलगा होता. पुढचे वर्षभर मी 'बलुतं' वर्गात नेले नाही. ती माझी माघार होती, हे इथे कबूल करतो.

त्या मुलाची प्रतिक्रिया नवी नाही. 'बलुतं' आले तेव्हा प्रस्थापित वाङ्मयीन वर्तुळातून त्याचे भरघोस कौतुक झाले आणि आपल्यातल्या काहींनी मात्र नाराजी बोलून दाखवली. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली, आई-बहिणींची अब्रू उघडी केली, असा तो सूर होता. बेबीताई कांबळे यांनी तर फलटणला आपल्या वह्या कित्येक वर्षे घरातच लपवून ठेवल्या. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. दुकानात माल बांधायला आलेले रद्दीचे कागदसुद्धा ही बाई वाचायची. अशा वाचणाऱ्या बाईला लिहिताना पहिले भय वाटले ते घरच्या वाचकाचे. ह्या लाजेला मी हसणार नाही. ज्याच्याजवळ अब्रूखेरीज काही शिल्लक नसते तो अब्रूला जपतोच. पण बाहेरचे कौतुक आणि घरची लाज ह्या दोन्ही प्रतिक्रिया एका बाबतीत सारख्या आहेत. दोघांचीही नजर दगडू मारुती पवार ह्या माणसावर खिळली आहे. पुस्तकाच्या नावाकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले.

बलुतं म्हणजे काय? गावची पडेल ती कामे पिढ्यान् पिढ्या करायची, सांगावे पोचवायचे, हद्दी राखायच्या, मेलेली जनावरे ओढायची आणि त्याच्या बदल्यात खळ्यावरचा वाटा नि सांजची भाकर मागायची. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, ते ही वेठ मोडण्यासाठी. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. म्हणजे बलुतं हा दुःखाचा प्रकार नाही, तो एक व्यवहार आहे. व्यवहाराला दोन बाजू असतात. घेणाऱ्याने आपली बाजू लिहिली. देणारा कुठे आहे? मराठीत ज्यांच्या आजा-पणजांनी खळ्यावर धान्य मोजून टाकले त्यांनी आपल्या हाताची हकीकत किती लिहिली? 'बलुतं' वाचून रडणारे पुष्कळ भेटले. आमच्याकडे बलुतं कसे देत होते, हे सांगणारा क्वचित भेटला.

वर्षभराने पुस्तक पुन्हा वर्गात नेले तेव्हा प्रश्न बदलला. कसे वाटले, हे विचारले नाही. घरी जा, वडीलधाऱ्यांना विचारा की आपल्या गावात बलुतं कोण घेत होते आणि कोण देत होते, आणि ते लिहून आणा, असे सांगितले. पुष्कळांनी आणलेच नाही. एका बागायतदाराच्या मुलाने आणले. त्याचे आजोबा सांगत होते: रास झाली की त्यांचा वाटा निराळा काढायचो, तो हातात द्यायचा नाही, खाली अंथरलेल्या फडक्यावर वरून टाकायचा, कमी पडला तरी कोणी तोंड उघडत नसे. शेवटी मुलाने स्वतःचे एक वाक्य लिहिले होते: तेव्हा आजोबांनी कधी कमी टाकले का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सबंध वर्गाच्या अश्रूंपेक्षा मला हे एक वाक्य मोलाचे वाटले. ह्यात कर्ता होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, माझं पान परत द्या. आजोबा रागावले. म्हणाले, घरची गोष्ट कॉलेजात कशाला सांगितली?"

घरची गोष्ट! दया पवारांना आपल्या माणसांनी ऐकवले ते हेच. दोन वस्त्यांतली ही एकच तक्रार. फरक एवढाच, एका घराची लाज सोसल्याची आहे आणि दुसऱ्या घराची केल्याची. पहिल्या घरातून लिहिणारे निघाले. दुसऱ्या घरातून निघालेले पहिले पान मी त्याला परत दिले. त्याची नक्कल ठेवली नाही. तो त्याचा हक्क होता.

दुसरा जबाब माझ्या आईचा. तिला अक्षरओळख नाही. 'मूकनायक' १९२० साली निघाला तेव्हा आपला समाज असाच होता. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. मी तिला 'बलुतं'मधली काही पाने वाचून दाखवली. ती रडली नाही, हळहळली नाही. तांदूळ निवडत ऐकत होती. भाकरीचा प्रसंग आला तशी म्हणाली, "निस्ती भाकर नव्हती. माझी आई कालवणाला भांडं न्यायची. वाढणारी वरून वाढायची, हात लांब करून. निम्मं खाली सांडायचं. त्ये लिव्हलंय का त्यानं?" मी म्हणालो, इथे नाही. ती म्हणाली, "मंग तू लिव्ह."

ह्याला मी वाचन म्हणतो. तिने मजकूर आपल्या अनुभवाला लावून पाहिला, त्यात राहिलेले भरले आणि पुढचे काम कोणाचे तेही सांगितले. पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरवले, त्यामागचे मर्म मला इथे उमगले. लेखक आणि वाचक एका मांडवात बसले की वाचकाला नुसते श्रोता राहता येत नाही.

प्रतिक्रिया चुकीच्या जागी कशी जाऊन पडते ह्याचे मोठे उदाहरण आपल्या चळवळीतच आहे. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला कायदा किती शिक्षा देतो आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला किती, ही तुलना त्यात होती. लेखावर गदारोळ उठला. पण वाद पेटला तो ध्वजाविषयीच्या शब्दांवरून. ज्या बाईसाठी तो लेख लिहिला ती बाई वाचकांच्या नजरेतून सुटली. भाषा शिवराळ आहे, ह्या आक्षेपाआड किती वाचक असे निसटून जातात!

आता माझा स्वतःचा जबाब. तो टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०१३ मध्ये ह्या सोनईच्या परिसरात मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. मैल्याची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने त्यांना बोलावून घेतले होते. एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते, हे कारण. खटला नाशिकला चालला आणि तिथल्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मी तेव्हा, म्हणजे २०१३ साली, विद्यार्थी होतो. दलित आत्मकथनांवर टिपणे काढीत होतो. बातमी वाचली. मन सुन्न झाले. माझ्या विद्यार्थ्यांनी पुढे जे शब्द लिहिले तेच शब्द माझ्या मनात आले. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक विचार आला: ते आपल्या वस्तीतले नव्हेत. मी त्यावर एक ओळ लिहिली नाही, कुठे सहीसुद्धा केली नाही. टिपणे मात्र पुरी केली.

तेव्हा हळहळीचा रोग सवर्ण वाचकाचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे आणि खालच्याची कहाणी वाचताना वरचा प्रत्येक जण न्यायासनावर चढून बसतो. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र मांडताना आनंदाच्या कसोटीला नकार दिला, तो योग्यच होता. मी त्यात एवढीच भर घालीन की, वाचक अस्वस्थ झाला, इतक्यावरही समाधान मानू नये. अस्वस्थता रात्रभरात ओसरते. वाचल्यानंतर त्याने कोणाला काय विचारले, ते विचारताना त्याला काय मोजावे लागले, ही कसोटी लावली पाहिजे. त्या बागायतदाराच्या मुलाला घरचा राग मोजावा लागला. माझ्या खात्यावर २०१३ ची बाकी अजून तशीच आहे. हा लेख म्हणजे तिचा पहिला हप्ता समजावा.

ह्या लेखावर कोणी पत्र लिहिणार असेल तर त्याने 'लेख आवडला' किंवा 'नावडला' एवढे कळवू नये. आपल्या गावच्या खळ्यावर कोण बसले होते आणि फडके पसरून कोण उभे होते, ते लिहावे. नावे नाही लिहिली तरी चालेल. वाक्याला कर्ता मात्र असावा.