दुकानं चार, गिऱ्हाईक एकच

पर्यटनावर जगणाऱ्या बेटांवरच्या अभ्यासात ‘आर्थिक विविधीकरण’ मोजायला हर्फिंडाल निर्देशांक वापरतात. प्रत्येक व्यवसायाच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. चार व्यवसाय सारखे असतील तर उत्तर ०.२५. आकडा कमी म्हणजे धोका कमी, असं मानलं जातं. माझा आक्षेप इथंच आहे.

घारापुरी बघा. हॉटेलं, शोभेच्या वस्तूंची दुकानं, छोटी रेल्वे, गाईड: कागदावर चार व्यवसाय. पण सगळ्यांचं गिऱ्हाईक लेणी बघायला लाँचनं येणारं. सोमवारी लेणी बंद, की चारही गल्ले एकदम रिकामे!

उलट आमच्या शिवाजी पेठेजवळ, अंबाबाईच्या देवळाभोवती चप्पल विकली जाते. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालेली हीच कोल्हापुरी बाहेरगावीही जाते. धंदा एक, गिऱ्हाईकं दोन. भाविकांची गर्दी ओसरली तरी दुसरी वाट उरते. निर्देशांकात मात्र दोन्ही एकाच रकान्यात!

म्हणून निर्देशांक टाकून देऊ नका. आराखड्यात ‘पैसा कुठून येतो?’ हा रकाना वाढवा आणि व्यवसायांऐवजी गिऱ्हाइकांचे वाटे घेऊन तोच आकडा पुन्हा काढा. घारापुरीचा ०.२५ मग १ कडे सरकेल. व्यापाराची संधी कुठं शोधायची, ते तिथून कळतं: सोमवारीही बेटाबाहेर काय विकता येईल?