आत उभं राहणं

'अंडरस्टँड' म्हणजे समजणे, हे आपण शाळेतच पाठ केलं. त्याचे दोन तुकडे पाडून पाहिले की मात्र अडायला होतं. अंडर म्हणजे खाली, स्टँड म्हणजे उभं राहणं. खाली उभं राहून समजणार ते काय? काहीजण यातून विनयाचा धडा काढतात: ज्ञानापुढे लहान व्हा, मग कळेल. उपदेश चांगला आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे. शेक्सपिअरने 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'त याच जोडणीवर कोटी केली आहे. लॉन्स नावाचा नोकर काठीवर रेलतो. काठी त्याच्याखाली उभी, म्हणून ती त्याला 'अंडरस्टँड' करते!

शब्द मात्र शेक्सपिअरहून खूप जुना. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो होता आणि अर्थ हाच होता. त्या इंग्रजीत 'अंडर'ला 'खाली'खेरीज 'मध्ये' असाही अर्थ होता. जर्मन 'उंटर'मध्ये तो अजून जिवंत आहे: 'उंटर उन्स' म्हणजे 'आपल्याआपल्यात'. अनेक व्युत्पत्तिकार इथे हाच अर्थ धरतात, आणि मला तोच पटतो. हा 'अंडर' लॅटिन 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' यांचा भाऊबंद. 'स्टँड' तर 'स्था' धातूच्याच कुळातला. अंतर् आणि स्था: अंतःस्थ! आपल्या वर्णमालेत स्पर्शव्यंजनं आणि ऊष्म वर्ण यांच्यामध्ये उभे असलेले य, र, ल, व, त्यांचंही नाव हेच. हे नातं दिसलं त्या दिवशी तो परका शब्द मला घरचा वाटू लागला.

संस्कृत वैयाकरण गतिवाचक धातूंना ज्ञानवाचकही मानतात; 'अवगत' होणं म्हणजे तिथवर जाऊन पोचणं. मराठीत तर आपण जागचे हलतही नाही. 'मला कळलं', 'माझ्या ध्यानात आलं': कळणं आपल्याकडे चालत येतं, आपण फक्त जागे असावं लागतं. इंग्रजी शब्दाची रीत निराळी. तो माणसाला गोष्टीच्या मधोमध नेतो आणि तिथे उभा करतो. थांबायला लावणारं हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं. दुःखात असलेल्या माणसाला 'आय अंडरस्टँड' म्हणायचं, तर त्याच्या दुःखात क्षणभर तरी उभं राहायला हवं; दारातून डोकावून ते म्हणता येत नाही.

तेव्हा मुलांना हा शब्द शिकवताना 'अंडर' म्हणजे 'खाली' एवढंच सांगून थांबू नका. 'आत' हेही सांगा.