तबकडी अडकलेली नाही

जॅझमधलं मला काय कळतं? मी बी.कॉम. आहे, एवढं सांगितलं की पुरे. तरीही माइल्स डेव्हिसच्या 'नेफर्टिटी'वर मत द्यायचा हक्क मी सोडणार नाही. ती तबकडी मी स्वतःच्या पैशांनी घेतली आहे.

रविवारी लावली. तीन मिनिटांत सौ. लाटण्यासकट बाहेर आल्या. "अहो, अडकलीय ती. सुई उचला."

त्यांचं चुकलं नव्हतं. पहिली रचना जवळजवळ आठ मिनिटांची. तेवढा वेळ ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकच धून वाजवतात. पुन्हा तीच, पुन्हा तीच! एरवी जॅझची रीत अशी, की धून सुरुवातीला ऐकवायची आणि मग एकेकाने पुढे येऊन करामत दाखवायची. इथं पुढे कोणी येतच नाही.

आमचा पुतण्या तबला शिकतो. तो म्हणाला, "काकू, हा लेहरा समज. मागच्या ड्रमकडे लक्ष दे."

दिलं. आणि हो की! सारंगीवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी मैफल मारतो, तसाच प्रकार. टोनी विल्यम्स कधी झांजांवर भुरभुरतो, कधी मध्येच गडगडतो, आणि तीच धून दर फेरीला वेगळी वाटते. शेवटी शेवटी तर ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एकमेकांपासून जरासे सुटतात. एकामागे दुसऱ्याची सावली चालावी तसे.

मग सवयीने हिशेब मांडला. एकूण रचना सहा. वेन शॉर्टर तीन, हर्बी हॅनकॉक दोन, विल्यम्स एक. मालकाच्या खात्यावर शिल्लक शून्य! ध्वनिमुद्रण 1967 सालचं. डेव्हिस तेव्हा 41 वर्षांचा, विल्यम्स 21चा. वेष्टनावर नाव एकाचं, आणि पहिल्याच रचनेत तो दुसऱ्याची धून घोळवत पोराला मैदान देतो.

सगळीच तबकडी इतकी जमली आहे असं नाही. 'मॅडनेस'मध्ये माझी सम हरवली ती शेवटपर्यंत सापडली नाही. पण पहिल्या आठ मिनिटांत पैसे वसूल.

सोमवारी बँकेत कॅश जुळेना. नवी लागलेली मुलगी फरक शोधत होती. अशा वेळी "सरक बाजूला" म्हणून मी खुर्चीत बसतो. बावीस वर्षांचा अनुभव आहे, तो काय लोणच्याला घालायचा? पण त्या दिवशी तोंडाशी आलेलं 'सरक' गिळलं. शेजारी स्टूल घेतलं आणि व्हाउचरं वाचून दाखवू लागलो. एक गठ्ठा, पुन्हा तोच गठ्ठा, पुन्हा तोच.

चौथ्या फेरीला तिला चूक सापडली. व्हाउचर माझ्याच सहीचं होतं.

ती काही बोलली नाही. लेहरा धरणाऱ्याने काय करायचं असतं, ते मला ठाऊक होतं. मी पुढचं व्हाउचर वाचलं.