रोजकीर्द की खतावणी?

कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारे लोक आपल्याकडे मुबलक आहेत. लायब्ररीत आपल्या मागे उभा असलेला माणूससुद्धा हे काम विनामूल्य करतो. पण कोणत्या पुस्तकानंतर कोणते वाचावे, यावरून हमरीतुमरीवर येणारे लोक मी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या वाचकांतच पाहिले. दोन प्रॅचेटवाले एकत्र आले की पुस्तके उत्तम आहेत यावर त्यांचे चटकन एकमत होते. मग चहा येतो, आणि ‘पहिलं कुठलं वाचायचं?’ यावरून जी जुंपते ती चहा गार होईपर्यंत.

प्रॅचेटसाहेबांनी ‘डिस्कवर्ल्ड’ नावाचे एक जग निर्माण केले. (हे ‘साहेब’ माझ्या नोकरीतल्या सवयीने आलेले. इंग्लंडच्या राणीने त्यांना २००९ साली ‘सर’ केले खरे, पण बँकेत त्यासाठी इतकी वाट पाहावी लागत नाही.) हे जग ताटासारखे सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेले आहे, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत, आणि कासव अंतराळातून सावकाश पोहत चालले आहे. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कूर्म आपल्या घरचाच, आणि दिशा सांभाळणारे दिग्गज तर आपल्याकडे आठ आहेत. साहेबांनी निम्मी नोकरकपात केली, इतकेच. पूर्वी तिथे पाचवाही हत्ती होता आणि तो घसरून पडला अशी दंतकथा आहे. १९९९ सालच्या एका कादंबरीचे नावच ‘द फिफ्थ एलिफंट’. म्हणजे एक जागा रिकामी झाली, ती भरली गेली नाही, आणि तिचे काम उरलेल्या चौघांत वाटून दिले. या जगाशी माझा ऋणानुबंध जुळला तो इथे.

या जगाच्या एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली, ‘द कलर ऑफ मॅजिक’, १९८३ सालची. शेवटची, ‘द शेफर्ड्‌स क्राउन’, २०१५ साली साहेब गेल्यानंतर काही महिन्यांनी आली. पण ही एकच गोष्ट ४१ हप्त्यांत सांगितलेली नव्हे. जग एक, बिऱ्हाडे वेगवेगळी. काही पुस्तके रिन्सविंड नावाच्या पळपुट्या जादूगाराची, काही ग्रॅनी वेदरवॅक्स आणि तिच्या मैत्रिणी अशा चेटकिणींची, काही अंख-मॉरपॉर्क या घाणेरड्या महानगरातल्या पोलिसांची, काही साक्षात मृत्यूची, काही मॉइस्ट फॉन लिपविग या ठकसेनाची, तर काही टिफनी या मेंढपाळाच्या घरातल्या मुलीची. आणि उरलेली कुणाचीच नव्हेत. ती आपली ओसरीवर बसून आहेत.

माझ्या भाच्याने मला यावर एक तक्ता छापून दिला. तो इंजिनिअर आहे. बाण काढल्याशिवाय त्याला विचार करता येत नाही.

‘मामा, हे बघ. निळा बाण पोलिसांचा, हिरवा चेटकिणींचा. तुटक रेघ म्हणजे संबंध आहे, पण जेमतेम.’

‘आणि ह्या चौकटीतून बाणच निघत नाही तो?’

‘ते पुस्तक स्वतंत्र आहे.’

‘सुखी असेल,’ मी म्हणालो.

तो तक्ता मी दोन दिवस न्याहाळला आणि माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. अहो, हा वाद साहित्याचा नाहीच! हा हिशेबाचा वाद आहे. व्यापारी दोन वह्या ठेवतो. एक रोजकीर्द. आज जे घडले ते आजच्या तारखेला, घडले त्या क्रमाने लिहायचे. मग पैसे गणपतरावांकडून येवोत की गूळवाल्याला जावोत. दुसरी खतावणी. तीच नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर नेऊन टाकायची. प्रसिद्धीच्या सालाप्रमाणे वाचणारे ते रोजकीर्दवाले. एकेका पात्राचे खाते धरून ते संपवणारे ते खतावणीवाले. दोघेही एकाच दुकानाचा हिशेब वाचताहेत. प्रश्न एवढाच, की दुकान कोणत्या वहीत दिसते?

आधी खतावणीची बाजू ऐकू. सॅम व्हाइम्स हा पोलीस कॅप्टन ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ (१९८९) मध्ये प्रथम भेटतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. हाताखाली रात्रपाळीची दोनचार माणसे, आणि त्यांना शहरात कुत्रे विचारीत नाही. पुढे ‘मेन अ‍ॅट आर्म्स’ (१९९३), ‘फीट ऑफ क्ले’ (१९९६), ‘जिंगो’ (१९९७) असे करीत करीत तो दारू सोडतो, लग्न करतो, मोठ्या हुद्द्यावर चढतो आणि दर बढतीबरोबर जास्तच चिडका होत जातो. ‘नाइट वॉच’ (२००२) मध्ये तो तीस वर्षे मागच्या काळात जाऊन पडतो, आणि नुकत्याच भरती झालेल्या कोवळ्या सॅम व्हाइम्सला काम शिकवायची पाळी त्याच्यावरच येते. ४१ पुस्तकांत हे सर्वोत्तम असे मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्याच बाकावर बसतो. पण हेच पुस्तक आधी हाती पडले तर? मग ती एक झकास साहसकथा आहे, बस्स. हा पोरगा पुढे कोणत्या गटारात पडणार आहे आणि त्यातून कसा उठणार आहे, हे शिकवणाऱ्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, अशी पंचाईत होते. आधीची पाच पुस्तके खात्यात जमा असतील तरच तिचे व्याज पदरात पडते.

हे ऐकले की खतावणीवाले जिंकले असे वाटते. पण थांबा. मृत्यूचे खाते काढून बघा.

मृत्यूच्या नावाने पाच पुस्तके आहेत: ‘मोर्ट’ (१९८७), ‘रीपर मॅन’ (१९९१), ‘सोल म्युझिक’ (१९९४), ‘हॉगफादर’ (१९९६) आणि ‘थीफ ऑफ टाइम’ (२००१). खतावणीवाला ही पाच वाचतो आणि वही मिटतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ ४१ पैकी ३९ पुस्तकांत हजेरी लावून जातो. मृत्यू म्हणजे बँकेच्या सर्व्हिस चार्जसारखा. खाते कुणाचेही असो, त्याची नोंद पडतेच. पहिल्या पुस्तकात तो चांगलाच खुनशी आहे. मग हळूहळू, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून दोनदोन ओळींच्या फेऱ्या मारताना तो निवळत जातो. त्याला मांजरे आवडू लागतात. मसालेदार कालवण आवडते. त्याच्या पांढऱ्याशुभ्र घोड्याचे नाव बिंकी आहे! इंग्रजीत त्याचे बोलणे अवतरणचिन्हांशिवाय आणि नुसत्या कॅपिटल अक्षरांत छापतात. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा मराठीत आलाच तर बिचाऱ्याला तुमच्याआमच्यासारखेच बोलावे लागेल. सांगायचे काय, तर हा जो पालट आहे तो त्याच्या स्वतःच्या खात्यात पुरता उतरलेलाच नाही. तो किरकोळ नोंदींत आहे, आणि किरकोळ नोंदी वाचायच्या तर रोजकीर्दच उघडली पाहिजे.

दुसरा मुद्दा तारखेचा. ‘मेकिंग मनी’ हे पुस्तक बँकेविषयी आहे, त्यामुळे मी ते कर्तव्यभावनेने वाचले. ज्या ठकसेनाला ‘गोइंग पोस्टल’ (२००४) मध्ये फासावरून उतरवून पोस्टखात्याचा प्रमुख केले, त्यालाच इथे शहराची बँक सांभाळायला देतात. बँकेचा चेअरमन एक कुत्रा आहे. (यावर मी काही बोलत नाही. माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.) तळघरात काचेच्या नळ्यांतून पाणी खेळवून शहराचे अर्थकारण दाखवणारे एक यंत्र आहे. लोकांना ती कल्पनेची भरारी वाटते, पण तसले यंत्र बिल फिलिप्स या अर्थतज्ज्ञाने १९४९ साली लंडनमध्ये खरोखरच बांधले होते. कॉमर्सच्या पोरांचा जीव खाणारा ‘फिलिप्स वक्र’ तो याच फिलिप्सचा. तर हे पुस्तक आले सप्टेंबर २००७ मध्ये, आणि त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवी काढून घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या. बँक म्हणजे काय, तर लोकांचा विश्वास. नोट म्हणजे त्या विश्वासाची पावती. पुस्तकात हे विनोदाने सांगितले आहे, रांगेत ते विनोदाशिवाय कळले. तारीख पुसून वाचले तर यातली अर्धी गंमत जाते, आणि सगळी भीती जाते.

त्याच वर्षी डिसेंबरात साहेबांनी जाहीर केले की आपल्याला अल्झायमर झाला आहे. त्याचा एक दुर्मिळ प्रकार. त्यात आधी नजरेला अक्षरे, वस्तू, त्यांची जागा उमगेनाशी होते. शब्द मात्र बरेच दिवस टिकतात. पुढे टाइप करणे जमेना, तेव्हा ते बोलून लिहवू लागले. यानंतर डिस्कवर्ल्डची पाच पुस्तके झाली. ती वाचताना फरक जाणवतो, नाही असे नाही. पूर्वी जो टोमणा एका तळटीपेत चोरून ठेवलेला असे, तो आता पात्रे उभी राहून भाषणात सांगतात. ‘रेझिंग स्टीम’ (२०१३) मध्ये तर पुष्कळांचा आवाज एकच झाला आहे. वाक्याची वीण सैल पडली आहे.

आता खतावणीवाल्याचे काय होते पाहा. पोलिसांचे खाते ‘स्नफ’वर (२०११) संपते, ठकसेनाचे ‘रेझिंग स्टीम’वर, टिफनीचे ‘द शेफर्ड्‌स क्राउन’वर. खाती तीन, आणि प्रत्येकाच्या शेवटी तोच उतार. एक खाते मिटवून हा पुन्हा ऐंशीच्या दशकात जातो, तिथे लेखक ताजातवाना. दोन महिन्यांत पुन्हा आजारी. खतावणीत माणूस तीनदा म्हातारा होतो, आणि तीनदा आपण नाक मुरडतो: ‘पूर्वीसारखं राहिलं नाही बुवा!’ रोजकीर्दीत तो एकदाच म्हातारा होतो, आणि तोवर ३६ पुस्तकांचा घरोबा झालेला असतो. घरातले आजोबा तीच गोष्ट लांबण लावून सांगू लागले तर आपण वाक्यरचना तपासत नाही. जरा पुढे सरकून ऐकतो. टीकाकाराने असे करावे की नाही, हे टीकाकार जाणोत. वाचकाने करावे.

मग काय, १९८३ पासून सरळ सुरुवात? इथे मात्र रोजकीर्दवाल्यांनीही ऐकून घ्यावे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी साहेब विद्युत मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते; अणुवीजकेंद्रांविषयी लोकांना धीर देणे हे त्यांचे काम. १९८७ साली त्यांनी नोकरी सोडली. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याविषयी मला अपार आदर आहे. पण ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे मुख्यतः दुसऱ्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांचे विडंबन आहे, आणि त्या मूळ कादंबऱ्या आपल्यापैकी कुणी वाचल्यात? मूळ कविता न वाचता ‘झेंडूची फुले’ वाचायला बसल्यासारखे ते होते. अत्रे हसवताहेत हे कळते, कशावरून ते कळत नाही. पुष्कळ सज्जन याच पायरीवरून परत फिरले आहेत. नव्या बिऱ्हाडाशी ओळख करून घ्यायची तर आपण वंशावळीतला मूळपुरुष गाठत नाही. दार ज्याने उघडले त्याच्याशी बोलू लागतो.

तेव्हा माझा निकाल असा. आधी एकच छोटे खाते उघडा: ‘मोर्ट’ किंवा ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’, तुमच्या स्वभावाप्रमाणे. ते आवडले नाही तर खाते तिथेच बंद करा, दंड नाही. आवडले तर बाण, तक्ते, तुटक रेघा सगळे गुंडाळून ठेवा आणि १९८३ पासून २०१५ पर्यंत तारखेवार निघा.

‘म्हणजे ते पहिलं पुस्तक वाटेत परत वाचायचं?’ भाच्याने विचारले.

‘अर्थात. दोनदा मोजल्याशिवाय आम्ही रक्कम घेत नाही.’

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे: ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ अगदी शेवटी. त्यात एक व्यक्ती जाते. कोण, ते मी सांगणार नाही. तेच पुस्तक आधी उघडले तर ते परक्या घरचे सुतक. चाळीस पुस्तकांनंतर उघडले तर आपल्या. आणि त्यापुढे पान नाही. साहेबांच्या इच्छेप्रमाणे त्यांची अपुरी पुस्तके असलेली हार्ड डिस्क २५ ऑगस्ट २०१७ रोजी वाफेच्या रोडरोलरखाली घातली गेली. वही कायमची बंद झाली.

म्हणून काही वाचक ते शेवटचे पुस्तक विकत घेऊन ठेवतात आणि वाचतच नाहीत. एक तरी शिल्लक असावे म्हणून. आमच्याकडे दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या पुस्तकाला २०२५ साली दहा वर्षे झाली. पण हरकत नाही, नियमाप्रमाणे अशा ठेवीवर नंतरही केव्हाही दावा सांगता येतो. मूळ खातेदार हयात असताना सांगितलेला बरा, इतकेच.