मुसारची सालं

एकाच वाइनची अनेक सालं एका बैठकीत ओळीनं चाखायची असतील, तर माझी निवड ठरलेली आहे: लेबनॉनची शातो मुसार. बोर्दोतल्या बड्या घराण्यांच्या वाइन जास्त नामांकित आहेत, महागही आहेत. पण तिथे पडेल साल आलं की ते सावरून घेण्यासाठी तळघरात बरीच कारागिरी चालते. मुसारला ती मान्य नाही. साल जसं आलं तसं बाटलीत उतरतं, त्यामुळे तिच्या दोन सालांत सख्ख्या बहिणींइतकं साम्य असतं आणि तेवढाच फरकही.

या फरकाची सुरुवात भूगोलात आहे. मुसारची द्राक्षं पिकतात बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटरवर. वाइन मात्र होते डोंगररांगेच्या पलीकडे, बैरूतच्या उत्तरेला गझीर गावात. गास्तों होशार यांनी १९३० साली तिथल्या एका जुन्या वाड्याच्या तळघरात हे काम सुरू केलं. म्हणजे दर हंगामात द्राक्षांनी भरलेले ट्रक डोंगर ओलांडून न्यायचे. एरवी ही वाट काही तासांची. पण १९७५ ते १९९० या यादवीच्या काळात याच वाटेवर वेगवेगळ्या सैन्यांच्या आणि टोळ्यांच्या चौक्या होत्या.

त्या सगळ्या काळात वाइन करत होते गास्तों यांचे पुत्र सर्ज होशार. १९५९मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली. बोर्दोला एमिल पेनो यांच्यासारख्या गुरूंकडे ते शिकले होते, म्हणजे बिनचूक वाइन कशी करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी दुसरी वाट धरली. आंबवण्यासाठी बाहेरचं यीस्ट नाही, द्राक्षासोबत येईल तेच. कॅबर्ने सोव्हिन्यों, सॅंसो आणि कारिन्यां या तिन्ही जाती सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळ्या आंबवायच्या, फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवायच्या, मग त्यांचा मेळ घालायचा. मेळाचं प्रमाण त्या सालाच्या द्राक्षांनी ठरवायचं. बाटलीत भरल्यावरही काही वर्षं तळघरातच ठेवायची आणि हंगामानंतर सातव्या वर्षी बाजारात आणायची. इतका काळ पैसा अडकवून ठेवायचा आणि तोही गोळीबार चाललेल्या देशात. मला यात व्यापारापेक्षा श्रद्धा जास्त दिसते.

आम्ही मित्रमंडळी जमलो ती लंडनला, आणि ते साहजिकच होतं. युद्धानं घरची बाजारपेठ बसली तेव्हा सर्ज आपल्या बाटल्या घेऊन परदेशात फिरले. १९७९मध्ये ब्रिस्टलच्या वाइन जत्रेत जाणकार समीक्षक मायकेल ब्रॉडबेंट यांनी मुसार उचलून धरली, आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये तिचे चाहते तयार झाले. जुनी सालं आजही तिथे मिळतात. आमच्यासमोर होती २००५, २००३, १९९९, १९९५, १९९१ आणि १९८३. नव्याकडून जुन्याकडे जायचं ठरलं. बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवल्या होत्या, कारण ही वाइन फारशी गाळत नाहीत आणि तळाशी जाड साका बसतो.

पहिल्या दोन सालांवर फार बोलणं झालं नाही. २००५ अजून आखडून बसलेली वाटली. २००३ मोकळी, गोडसर, पहिल्या घोटातच आवडणारी. १९९९ला सगळे थोडे सावरून बसले. तिच्यात कॅबर्नेचा ताठ कणा जाणवत होता, आणि गिळल्यावर हिरड्यांवर चहासारखा तुरटपणा बराच वेळ रेंगाळला.

मग १९९५. हिच्याजवळ थांबायला हवं. ग्लास तिरका केला की मधला रंग अजून लाल, कडेला मात्र विटकरी. पहिला वास नाकाला झोंबतो: नेलपॉलिशसारखा, थोडा व्हिनेगरकडे झुकणारा. वाइनशास्त्राच्या पुस्तकात हा दोष मानला जातो. आंबवताना तयार होणारी ही उडून जाणारी आम्लता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर पुष्कळ ठिकाणी ती वाइन बाद होते. मुसारच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेपही हाच आहे. पण ग्लास हातात घेऊन थोडं थांबा. झोंबणारा वास मागे सरतो आणि त्याच्याच आधारानं बाकीचे गंध वर येतात: संत्र्याची साल, खारीक, दालचिनी, देवदाराचं लाकूड, आणि सगळ्यांच्या मागे चामड्याचा एक उग्र, जिवंत वास. घोट घेतला की आधी पिकलेल्या फळाची गोडी येते, तिला लगेच आमसुलासारखा आंबटपणा छेद देतो, आणि शेवटी येणारा तुरटपणा इतका मऊ असतो की तो कधी संपला हे कळत नाही. ती आम्लता काढून टाकली असती, तर हे सगळे गंध जड होऊन एकमेकांवर बसले असते. त्या धारेमुळेच ते सुटे राहतात. म्हणून तिला दोष म्हणायला माझं मन तयार होत नाही.

१९९१ हा युद्ध संपल्यानंतरचा पहिला हंगाम. ही वाइन गडद, भरीव, जोमदार. आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "शांततेचा सुस्कारा आहे गं हिच्यात." वाक्य सुंदर होतं, पण मला ते पटलं नाही. युद्ध किंवा शांतता जिभेवर येत नसते. जिभेवर येतं ते ऊन, पाणी, द्राक्ष किती पिकलं आणि टाकीपर्यंत किती वेळात पोचलं, एवढंच.

१९८३च्या वेळी हे मी आणखी आग्रहानं म्हटलं. त्या सप्टेंबरात, ऐन हंगामात, बैरूतच्या वरच्या शूफच्या डोंगरांत तुंबळ लढाई चालू होती. त्या दिवसांतली द्राक्षं या बाटलीत आहेत. पण वाइनमध्ये दारूगोळ्याचा वास शोधणं म्हणजे ती करणाऱ्यावर अन्याय आहे. रंग फिकट, जवळजवळ चहासारखा. वाळलेल्या गुलाबाचा आणि अंजिराचा वास. अंग अगदी हलकं, तरी चव लांबवर जाणारी. युद्ध बाहेर ठेवून गझीरच्या तळघरात जे काम झालं, त्याचा हा पुरावा आहे. युद्धाच्या अखेरच्या वर्षांतला एक किस्सा सर्ज सांगत असत: बैरूतमध्ये तोफांचा मारा चालू असताना ते आसऱ्याला न जाता घरीच राहिले आणि आपल्याच वाइनची बाटली एका मोठ्या ग्लासात ओतून घोट घोट घेत बसले. ती वाइन तासातासाला कशी बदलते, याकडे त्यांचं लक्ष होतं.

युद्ध वाचायचंच असेल, तर ते जी सालं मांडता येत नाहीत त्यांत वाचावं. १९७६ची मुसार नाही. त्या वर्षी वाइन करताच आली नाही. १९८४ला द्राक्षं तोडली, पण ट्रक वाटेत अडकले, गझीरला पोचेपर्यंत द्राक्षं गाडीतच आंबायला लागली होती, आणि ती वाइन नेहमीसारखी विक्रीला आली नाही. पंधरा वर्षांच्या यादवीत हंगाम हुकले ते जवळपास एवढेच. ओळीनं सालं चाखताना या जागा ठाऊक असल्या, की आधीच्या आणि नंतरच्या बाटलीकडे आपण वेगळ्या आदरानं बघतो.

शेवटी वाद झालाच: १९९५ श्रेष्ठ की १९८३? बहुमत १९८३च्या बाजूनं गेलं. मी १९९५लाच मत दिलं आणि अजूनही देईन. १९८३मध्ये फळ आता आठवणीपुरतं उरलंय. १९९५मध्ये ताकद आणि वय दोन्ही एका घोटात भेटतात. तुम्हाला ती मिळाली, तर जेवणाच्या निदान दोन तास आधी उघडा, साका मागे ठेवून हळूच ओता, फार गार करू नका, आणि पहिल्या वासावरून निकाल देऊ नका.