रोहण्याहून पेपर उघडतो का?

कुठल्याही मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं माहितीपत्रक घ्या. अभियांत्रिकीच्या पानावर आयईईई, एएससीई, एल्सेव्हिअर, स्प्रिंगर, शोधगंगा, साहित्यचौर्य तपासणी अशी लांबलचक यादी असते. संशोधनाची तयारी करणारे तुम्ही ती वाचता आणि निश्चिंत होता. माझं म्हणणं एवढंच, की ही यादी रोहण्यात बसून वाचून बघा.

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं गाव. समजा तिथला एक मुलगा सिव्हिलला आहे आणि त्याला काळ्या मातीवर काम करायचंय. विषय घरचाच आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता उचकटून टाकते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख चुन्यासोबत मिसळून ती आवरता येईल का, हा चांगला प्रश्न आहे. पण सिनॉप्सिस लिहायची तर आधी कोणी काय केलंय ते वाचावं लागतं. आपल्याच इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचं नियतकालिक आज स्प्रिंगर छापतं. म्हणजे आपल्या मातीवरचा, आपल्या माणसांनी लिहिलेला पेपरसुद्धा बहुतेक वेळा पैशाच्या भिंतीमागे असतो.

ही भिंत पाडायला सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलं. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाची मंजुरी, १ जानेवारी २०२५ पासून सुरुवात, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. पूर्वी एकेक संस्था प्रकाशकांशी वेगवेगळी घासाघीस करायची, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. विदर्भातली अभियांत्रिकीची मुलं मुख्यतः कुठे शिकतात? खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत. ती बाहेर. गंमत बघा, वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय आहे, त्यामुळे योजनेच्या नियमाने तिथल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेची नियतकालिकं वाचायचा हक्क आहे. त्याच जिल्ह्यातल्या खाजगी कॉलेजात सिव्हिल शिकणाऱ्याला नाही. साहित्यवाल्यांवर माझा राग नाही हो! राग या निकषावर आहे. हक्क माणसाच्या गरजेवरून ठरायला हवा, तो संस्थेच्या मालकीवरून ठरतोय.

यावर पूर्वी एक आडवाट होती, सगळ्यांना माहीत असलेली. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये साय-हब आणि लिबजेनवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये साय-हब भारतात बंद करायचा आदेश निघाला. साय-हबची वकिली मी करत नाही. पण दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे लक्षात घ्या. सरकारी संस्थांना पुढचं दार उघडलं आणि बाकीच्यांची मागची खिडकी बंद झाली. अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

पुढच्या टप्प्यांत खाजगी संस्था आणि शेवटी सार्वजनिक ग्रंथालयं यांना सामील करायचं ठरलंय. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यापासून सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतंय. प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयात एक संगणक जोडून दिला असता, तर रोहण्याच्या मुलाला आर्वीपर्यंतच जावं लागलं असतं.

आता 'संशोधन साहाय्य' या शब्दाबद्दल. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ प्रबंधाच्या शेवटी साम्याचा टक्का काढून देणं एवढाच उरलाय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, म्हणून सगळा जीव त्या आकड्यात अडकतो. मातीच्या चाचणीचे आकडे बनवून लिहिले, तर ते सॉफ्टवेअर कपाळाला आठीसुद्धा घालणार नाही. खरं साहाय्य सुरुवातीला लागतं. शोधशब्द कसे निवडायचे, एका पेपरवरून मागचे-पुढचे दहा कसे काढायचे, कुठलं नियतकालिक बोगस आहे, हे शिकवणारा ग्रंथपाल हवा. वर्षातून एकदा दोन तासांचं ओरिएंटेशन घेऊन ते होत नाही.

तोवर काय करायचं? तुमची नोंदणी राज्य विद्यापीठाची आणि संशोधन केंद्र खाजगी कॉलेजात असेल, तर विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राकडे लेखी अर्ज करून 'इन्फेड'चं खातं मागा. ते मिळालं तर कॅम्पसबाहेरून, घरूनही लॉगिन होतं. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं आणि सुट्टीत गावी आले की वाचन थांबतं. कॉलेज डेलनेटचं सभासद असेल तर लेखाची प्रत मागवता येते, ग्रंथपालांना सांगा. शोधगंगेवरचे प्रबंध सगळ्यांना खुले आहेत. त्यातलं संदर्भ-साहित्याचं प्रकरण आधी वाचा, मात्र उचलू नका. लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाकला तरी पुष्कळदा प्रत येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मानकांचं मात्र वेगळं आहे. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानकं फुकट उतरवता येतात. माती-चाचण्यांचं आयएस २७२० त्यात आलं, फुगवटा मोजायचा भाग ४० सुद्धा. रस्त्यांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहिता मात्र विकत घ्याव्या लागतात. सार्वजनिक रस्ता कसा बांधायचा हे वाचायला पैसे का, हा प्रश्न कार्ल मालमूद यांनी अशा मानकांबद्दल बरीच वर्षं लावून धरलाय.

आणि संशोधन केंद्र निवडायला जाल तेव्हा ग्रंथालयाची यादी बघून परत येऊ नका. तुमच्या विषयातला गेल्या दोन वर्षांतला एक पेपर आधीच हेरून ठेवा, त्याचा डीओआय चिठ्ठीवर लिहून न्या आणि तिथल्या संगणकावर उघडून दाखवा म्हणा. मग तोच पेपर गावातल्या मोबाइलवरून कसा उघडायचा तेही विचारा. नाहीच उघडला, तर तेव्हा केंद्र बदलायला अजून वेळ असतो.