शौर्य कोणासाठी? ‘शतरंज के खिलाडी’मधील न घडलेले प्रायश्चित्त

पूर्वीची चूक प्राणांची बाजी लावून धुऊन काढणारे पात्र कथा-नाटकांत आपल्याला वारंवार भेटते. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ ही १९२४ मधील हिंदी कथा वाचताना शेवटी तीच अपेक्षा जागी होते आणि मोडते. ती का मोडते, हे या टिपणात पाहू.

कथा लखनौची आहे. कंपनी सरकारने फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा केले, तो हा काळ. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार. जहागीर खायची, तर संकटात राज्यासाठी तलवार उचलायची, हे त्यांचे कर्तव्य. पण ते दिवसभर बुद्धिबळात बुडालेले असतात. दरबाराचे बोलावणे येईल या धास्तीने ते गोमतीपलीकडच्या पडक्या मशिदीत पट मांडतात. फौज नवाब वाजिद अली शाहला कैद करून नेते, तरी डाव मोडत नाही. मग एका चालीवरून भांडण पेटते, एकमेकांचे कूळ काढले जाते आणि तलवारी उपसून दोघेही मरतात.

येथे थोडे थांबा. हे दोघे भित्रे नाहीत. निवेदकही त्यांचे वैयक्तिक शौर्य मान्य करतो. त्यांच्यापाशी निष्ठाही आहे, पण ती पटावरच्या वजिराशी. ज्या राज्याशी त्यांनी कसूर केली, त्याच्या वाट्याला त्यांच्या रक्ताचा एक थेंबही येत नाही. शिवाय आपले काही चुकले, ही जाणीव मरेपर्यंत दोघांनाही होत नाही. म्हणून हे मरण प्रायश्चित्त ठरत नाही.

सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात हा शेवट बदलला. मीरच्या पिस्तुलातून गोळी सुटते, पण मिर्झा वाचतो. ज्यांना आपल्या बायका सांभाळता आल्या नाहीत ते फौजेशी काय लढणार, अशी कबुली मीर देतो. तोंड लपवायला अंधार हवा, हेही दोघांना कळते. तरीही ते पुन्हा डाव मांडतात, आणि तोही इंग्रजी पद्धतीने, वजिराच्या जागी राणी ठेवून. हा शेवट वरवर सौम्य वाटतो, पण मला तो अधिक कठोर वाटतो. प्रेमचंदांच्या पात्रांत शौर्य आहे, जाणीव नाही. रायांच्या पात्रांत जाणीव आहे, शौर्य नाही. परिमार्जनाला दोन्ही लागतात.

इतिहासाने ती जोड लगेच पुढच्या वर्षी दाखवली. कंपनीच्या बंगाल लष्करात अवधचे शिपाई मोठ्या संख्येने होते. १८५७ मध्ये त्यांतले कितीतरी जण आपल्याच धन्यावर उलटले. बेगम हजरत महल यांनी अल्पवयीन बिरजिस कद्रला गादीवर बसवले आणि मार्च १८५८ पर्यंत लखनौ झुंजले. ते हरले, पण या वेळी शौर्य योग्य ठिकाणी खर्च झाले होते.

परीक्षेत या कथेला ‘विलासी नवाबीवरील टीका’ एवढेच म्हणून थांबू नका. ते खरे आहे, पण अपुरे आहे. प्रेमचंदांनी स्वतः १९२१ मध्ये सरकारी नोकरी सोडली होती. त्यांचा प्रश्न मेलेल्या जहागीरदारांपेक्षा पारतंत्र्यात सुखाने जगणाऱ्या वाचकाला अधिक आहे: तुमच्यात धैर्य आहे हे मान्य, पण ते तुम्ही कोणत्या पटावर खर्च करत आहात?